ठासणीच्या रायफलचा नाद लागलाय, सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात एका वाचकाने जुन्या लष्करी ठासणीच्या रायफलींबद्दल विचारलं होतं, म्हणजे 1850-60 च्या काळातल्या, नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या त्या. मी चार ओळींत उत्तर दिलं आणि म्हटलं झालं, विषय संपला. कसलं काय, त्यावरच ढीगभर पत्रं आलीत, तर यावेळचं अख्खं पान याच विषयाला देतोय. कुंडीतल्या गुलाबवाल्यांनी आणि जुन्या रेडिओवाल्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न: काका, मी आयटीत आहे, वय 32. यूट्यूबवर 1853 च्या एनफिल्डचे व्हिडिओ बघून अक्षरशः वेडा झालोय. नाशिकमध्ये अशी रायफल घेऊन रेंजवर चालवता येईल का? मोठा भाऊ अमेरिकेत व्हर्जिनियाला असतो, ऑक्टोबरात त्याच्याकडे जाणार आहे, तिकडे काही जमेल का? (वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: आधी कडू गोळी घ्या. जुन्या पद्धतीची आहे म्हणून कायदा काही सूट देईल असं वाटत असेल तर तसं नाही, 1959 च्या आर्म्स ॲक्टखाली चालणारी बंदूक ती बंदूकच, रेप्लिका असली तरी, कारण तिच्यातून गोळी जाते ना. परवाना लागतोच. नाशिक शहरात पोलिस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, वय 21 पूर्ण पाहिजे, पोलिसांची चौकशी होणार, शस्त्र हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट लागणार आणि कशासाठी पाहिजे याचं नीट कारण द्यावं लागणार, तिथे व्हिडिओ आवडला हे कारण चालत नाही. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकांचे परवाने दिसतात ते जास्त करून शेतीसंरक्षणाचे, रानडुकरं-वानरं हाकलायला, आणि त्या बंदुका साध्या गुळगुळीत नळीच्या. तुम्हाला जी पाहिजे ती आटे पाडलेली, म्हणजे नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचा असलेली लष्करी रायफल, ती वेगळी चीज आहे. शिवाय ऑलिम्पिकच्या नेमबाजीत हा प्रकारच नाही, त्यामुळे इकडच्या रेंजवर यासाठी लेन मिळेल अशी आशा लावून बसू नका. देवळालीच्या फायरिंग रेंजेस लष्कराच्या, तिकडे तर फिरकायचंही नाही.

मग नाशिकमध्ये बसून करायचं काय, तर एअर रायफल शिका. हसू नका. 4.5 मिलिमीटरची आणि 20 जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही, ओळखपत्र दाखवून मिळते, शहरात शिकवणारेही आहेत, आणि आपलं गाव या बाबतीत काही कोरडं नाही, 1937 मध्ये डॉ. मुंज्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढलं तेव्हापासून रायफल हा विषय इथल्या पोरांना नवा नाही. आता एअर रायफलचा आणि एनफिल्डचा संबंध काय ते सांगतो. एनफिल्डचा चाप ओढला की तो दणकट घोडा खाली येतो, कॅप, म्हणजे निपल नावाच्या पोकळ बोंडावर बसवलेली ठिणगी पाडणारी छोटी टोपी, फुटते, ठिणगी निपलच्या भोकातून आत जाते, मग दारू पेटते, मग 39 इंच लांब नळीतून ती जड गोळी सेकंदाला साधारण 300 मीटरच्या वेगाने बाहेर पडते. आजच्या रायफलच्या मानाने हा निवांत कारभार. चाप ओढल्याबरोबर मान वर करून टारगेट बघायची सवय असेल तर गोळी नळीत असतानाच नेम गेलेला असतो. एअर रायफलचा छर्राही असाच सावकाश निघतो, त्यामुळे बार झाल्यावरही क्षणभर तसंच स्थिर राहायचं, ज्याला फॉलो-थ्रू म्हणतात, ते तिच्यावर फुकटात अंगवळणी पडतं. 10 मीटरवर उभं राहून सराव करा, बसून टेकून नको, कारण या रायफलींच्या बऱ्याच मॅचेस उभ्यानेच असतात.

आता चांगली बातमी, व्हर्जिनिया म्हणजे तुमची लॉटरीच लागली राव. नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन नावाची संस्था 1950 पासून तिकडे आहे, तिच्या टीम्स अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या रायफलींनी घड्याळ लावून मातीच्या चकत्या फोडतात, आणि त्यांचं स्वतःचं मैदान विंचेस्टरजवळ फोर्ट शेनँडोआ, तिथे मोठी स्पर्धा वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरात. म्हणजे बरोब्बर तुमच्या तारखांना. प्रेक्षक म्हणून जा, पहिल्या दिवशी बंदुकीला हात लावायची घाई नको, टीमच्या मागे उभे राहून भरणाऱ्याचे हात बघा. मग कोणा मेंबरला विचारा की सरावाच्या दिवशी तुमच्या देखरेखीखाली दोन बार मारता येतील का, हे लोक विचारणाऱ्याला सहसा उडवून लावत नाहीत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या बंदुका नेहमीच्या फायरआर्मच्या व्याख्येत धरत नाहीत, पण राज्याराज्यात फरक आहे, आपली अर्धी मंडळी जिथे राहतात त्या न्यूजर्सीत नियम कडक आहेत, तर भावाने आधी आपल्या राज्याचं बघून ठेवलेलं बरं.

आणि परत येताना बॅगेत फक्त फोटो आणा. रायफल परवान्याशिवाय देशात आणता येत नाही आणि दारू, कॅप्स तर विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, एअरपोर्टवर शोभा होईल.

प्रश्न: साहेब, जय हिंद. तोफखान्यात नोकरी झाली, आता रिटायर. मुलगी-जावई पेनसिल्व्हेनियात आहेत, वर्षातले काही महिने तिकडेच असतो. जावयांच्या ओळखीच्या क्लबात ठासणीच्या रायफली चालवतात, ते मला रायफल वापरायला देतायत. एनफिल्ड, स्प्रिंगफील्ड, ब्राऊन बेस, यातलं नवशिक्याने काय धरावं? आणि त्यांच्यातले एकजण गोळीच्या मापावरच तासभर बोलत होते, एवढं काय आहे त्यात? (वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर: जय हिंद. तासभर बोलणाऱ्या त्या गृहस्थांना धरून ठेवा, क्लबातला सगळ्यात कामाचा माणूस तोच आहे.

ब्राऊन बेस बाजूला ठेवा. गारगोटीची, पाऊण इंची गुळगुळीत नळी, गोळी आत सैल, दिसायला रुबाबदार पण 50 मीटरच्या पुढे नशिबाचा खेळ, आणि गारगोटीच्या ठिणगीने आधी कानाची, म्हणजे नळीच्या बाजूच्या खळगीतली दारू पेटून डोळ्यासमोर भपका होतो, नवीन माणूस तिथे हमखास दचकतो. सुरुवात कॅपवाल्या रायफलने करा. इंग्रजांची एनफिल्ड .577, अमेरिकनांची स्प्रिंगफील्ड 1861 ची .58 (हे आकडे म्हणजे नळीचं माप, इंचात), दोन्ही भावंडंच समजा. माझं मत विचाराल तर दोन बँडची (बँड म्हणजे नळी लाकडाला धरून ठेवणारं कडं) एनफिल्ड घ्या, 33 इंची नळीची, कारण तिचे आटे 48 इंचात एक वेढा असे आहेत, तीन बँडच्या लांब रायफलचे 78 इंचात एक. त्यामुळे दोन बँडवाली कमी दारूतही सरळ मारते आणि उभ्याने धरायला तोंडाकडून जड होत नाही. इटलीची पेडरसोली किंवा इंग्लंडमध्ये पूर्वी बनायची ती पार्कर-हेल, यातलं काहीही क्लबात सापडेल, प्रूफचा, म्हणजे नळी दाबाला तपासल्याचा शिक्का असलेली असली म्हणजे झालं. भारतात बनून तिकडे जाणाऱ्या स्वस्तातल्या बंदुकांवर तो शिक्का नसेल तर भिंतीवर लावा, खांद्याला नको.

आता गोळी. मिनी गोळी, म्हणजे 1849 मध्ये मिनी नावाच्या फ्रेंच कॅप्टनने आणली ती, लांबट असते आणि बुडाशी पोकळ. नळीपेक्षा किंचित बारीक असते म्हणून गज दाबला की भरभर खाली उतरते, आणि बार झाला की गॅसच्या दाबाने बुडाची कड फुगून आट्यांना घट्ट चिकटते. सगळी गंमत त्या ‘किंचित’मध्ये आहे. नळीपेक्षा एक-दोन हजारांश इंच बारीक, म्हणजे 0.025 ते 0.05 मिलिमीटर, बस. आता या रेप्लिकांवर .58 लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष नळी .577 पासून .582 पर्यंत काहीही निघते, मग दुकानातून डब्यातल्या गोळ्या आणल्या, एखाद्याच्या रायफलला फिट बसल्या, दुसऱ्याच्यात खडखडत खाली गेल्या, त्या फुगून आटे धरणार कशा, कागदावर गोळी आडवी लागलेली दिसते, गोल भोकाऐवजी चांगली लांबट चीर पडते. लोक मग दारू वाढवतात, साइट ठोकतात, रायफलला शिव्या देतात. म्हणून आधी गेजने नळी मोजायची, मग त्या मापाच्या डायमधून गोळ्या काढून घ्यायच्या. आणि शिसं शुद्ध, मऊ, नखाने ओरखडा निघेल असं. टायरच्या बॅलन्सिंगच्या वजनांचं कडक शिसं फुकट मिळतं म्हणून वापरणारे आहेत, त्या गोळ्यांची कड फुगतच नाही. बुडाच्या बाहेरच्या खाचांत मेण आणि चरबीचं मिश्रण भरतात, त्याने काजळी मऊ राहते. याच वंगणाच्या काडतुसावरून 1857 मध्ये काय झालं ते तुम्हाला मी काय सांगायचं, पण एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते, उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना दिसायला हुबेहूब एनफिल्ड पण आतून आटे नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक दिली, लांबचा नेम गोऱ्यांकडेच राहावा म्हणून.

दारू लष्करात 60 ग्रेनच्या पुढेमागे भरायचे, स्प्रिंगफील्डला 60, एनफिल्डला 68, पण ते लढाईसाठी होतं. कागदावर 50 मीटरला 45 ग्रेन म्हणजे जेमतेम 3 ग्रॅम पुरे, तिथून थोडं थोडं वर-खाली करून रायफलला काय मानवतं ते बघायचं. 50 मीटरला गोळ्या टारगेटच्या वर लागतील, घाबरायचं नाही, एनफिल्डची साइट 100 यार्डापासूनच सुरू होते, म्हणून स्पर्धावाले पुढची साइट उंच करून घेतात.

भरायचा क्रम तुम्हाला ड्रिलसारखाच वाटेल, त्या काळी शिपायाला तो नऊ ठोक्यांत शिकवायचे. सुरुवातीला रिकाम्या नळीवर एक कॅप मारायची, तोंड जमिनीजवळच्या गवतापाशी धरून, गवत हललं तर निपलपासून तोंडापर्यंत वाट मोकळी, नाही हललं तर आत तेल किंवा कचरा आहे, भरू नका. मग घरून मोजून आणलेल्या नळकांड्यातून दारू ओतायची, मोठ्या डब्यातून थेट नळीत कधीच नाही, आत एखादी धग राहिली असेल तर अख्खा डबा हातात उडतो. गोळी गजाने दारूवर पूर्ण टेकवायची, मध्ये फट राहिली तर नळी फाटू शकते, म्हणून पहिल्याच दिवशी गजावर खूण करून ठेवतात, खूण तोंडाशी आली की समजायचं बसली. गज बोटांच्या टोकांनी धरायचा, तळहात वर ठेवून दाबायचं नाही, चेहरा तोंडासमोर आणायचा नाही. कॅप सगळ्यात शेवटी, फायरिंग लाइनवर, रायफल टारगेटकडे असतानाच. आणि बार फुसका गेला तर रायफल टारगेटकडेच ठेवून किमान मिनिटभर थांबायचं, मिसफायर ड्रिल तुम्ही आयुष्यभर केलंय, ते इथेही लागू. गोळी भरली पण दारूच विसरली असं क्लबात रोज कोणाचं तरी होतं, त्यावर बाकीचे हसतात आणि निपलमधून चिमूटभर दारू घालून ती गोळी काढून देतात, तोपर्यंत गप्प उभं राहायचं.

आणि स्मोकलेस पावडर, म्हणजे आजच्या काडतुसातली, ती या रायफलच्या आसपाससुद्धा नको, तिचा दाब या नळीला झेपत नाही. फक्त काळी दारू, किंवा ठासणीच्या बंदुकांसाठीच बनवलेले पायरोडेक्ससारखे पर्याय.

प्रश्न: आमच्या जुन्या वाड्यात आजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर टांगलेली आहे. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, परवाना त्यांच्या नावावर होता. चुलते म्हणतात दिवाळीला एक बार काढून बघू. काढावा का? (वाचक, सिन्नर तालुका)

उत्तर: काढू नका. चुलत्यांना माझा नमस्कार सांगा आणि बंदूक त्यांच्या हातून घ्या.

सगळ्यात आधी ती भरलेली आहे का हे बघायला पाहिजे, कारण जुन्या घरांत बंदूक भरूनच टांगायची पद्धत होती आणि काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटते. निपलवर कॅप असेल तर हात लावू नका, घोडा उचलू नका. कॅप नसेल तर नळीचं तोंड आपल्यापासून आणि माणसांपासून लांब ठेवून एक सरळ लाकडी काठी आत अलगद सोडा, टेकली की तोंडापाशी खूण करा, बाहेर काढा आणि तीच काठी नळीला बाहेरून समांतर धरा. टोक निपलपर्यंत पोचलं तर रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत माल आहे, मग ठोकाठोक, तापवणं, पाणी ओतणं काही नको, तसंच ठेवून परवानाधारक बंदूकवाल्याला घरी बोलवायचं. हे सगळं मुलांना बाहेर पाठवून.

दुसरं म्हणजे कागद. परवानाधारक वारला की ती बंदूक घरात नुसती ठेवणं कायद्यात बसत नाही, पोलिस स्टेशनला किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावावर परवाना मागायचा असतो, तशी तरतूद आहे. उशीर झालाय, पण स्वतःहून गेलेलं कधीही बरं. मात्र बंदूक मोटारसायकलवर आडवी बांधून पोलिस स्टेशनला घेऊन जाऊ नका, आधी फोन करा, वकिलाला विचारा, ते सांगतील तसं. निकामी झालेल्या, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या वस्तूला कायद्यात वेगळी वागणूक आहे, पण ती निकामी आहे हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं.

आणि समजा परवाना झाला तरी ती उडवावी असं मी म्हणणार नाही. आतून गंज किती खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही. तुमच्या भागातला इतिहास बघता, 1857 मध्ये नांदूरशिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत इंग्रजांचा पोलिस सुपरिटेंडंट हेन्री मारला गेला तो हाच मुलूख, बंदुकीवर काही शिक्के, आकडे असतील तर त्यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा, घासूनपुसून चकचकीत करू नका, पॉलिशने शिक्केच जातात.

प्रश्न: फटाक्यांची दारू काढून किंवा घरी दारू करून वापरता येईल का? सामान तर मिळतं. (वाचक, नाशिकरोड)

उत्तर: नाही. फटाक्याची दारू दाणेदार नसते, तिच्यात काय मिसळलंय ते बनवणाऱ्यालाच माहीत, ती नळीत किती दाब करेल याचा भरवसा नाही, आणि घरी करणं म्हणजे एक्सप्लोझिव्ह्ज ॲक्टचा गुन्हा, शिवाय हात-डोळे पणाला. रायफलची दारू मापाचे दाणे पाडून येते, या कॅलिबरला दोन एफ किंवा तीन एफ, आणि ती परवान्यानेच घ्यायची. यावर जास्त पत्रं पाठवू नका, उत्तर हेच येईल.

प्रश्न: काका, मी कॉलेजला आहे, एनसीसीत पॉइंट टू टू मारलीय, बरी मारते. पण एवढी मोठी गोळी म्हणजे खांदा निखळेल असं मैत्रिणी म्हणतात. मुली मारतात का ही रायफल? (वाचक, पंचवटी)

उत्तर: मारतात की, ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धांत मुलींसाठी वेगळा प्रकारही आहे. मैत्रिणींना सांग, 45 ग्रेनच्या चार्जला रायफल झटका देत नाही, सावकाश ढकलते, वर चार किलोचं वजन, तेच निम्मा धक्का खातं. दमवतं ते वजनच. त्यामुळे खांद्यापेक्षा कमरेचा आणि डाव्या हाताचा व्यायाम कर. जागतिक स्पर्धेत 30 मिनिटांत 13 बार आणि त्यातले चांगले 10 धरतात, तेवढा वेळ स्थिर उभं राहता आलं पाहिजे. डोळ्याला चष्मा, कानाला मफ, आणि मारून झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, बोटांवर शिसं असतं.

प्रश्न: माझ्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे, शेतासाठी. पावसाळ्यात कितीही तेल लावलं तरी आतून लाल होते. उपाय सांगा. (वाचक, इगतपुरी)

उत्तर: तेलाने नाही, पाण्याने सुटेल. इगतपुरीचा पाऊस बघून पाणी म्हटलं की अंगावर काटा येत असेल, पण काळ्या दारूचा जो मळ नळीत राहतो तो खारट असतो, हवेतला ओलावा ओढून घेतो आणि त्यावर तुम्ही तेल थापलं तर मळ तेलाखाली सुखाने लोखंड खात बसतो. बार काढला त्याच दिवशी, उद्यावर न टाकता, आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, निपल काढा, नळीचं बूड बादलीत धरा आणि गजाला चिंधी गुंडाळून पंपासारखं कढत पाणी वर-खाली ओढा. पहिलं पाणी शाईसारखं काळं येईल, ते फेका, स्वच्छ येईपर्यंत बदला. पाणी कढतच पाहिजे, कारण त्याने नळी तापते आणि आपोआप आतून वाळते. मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, पांढरी बाहेर येईपर्यंत, आणि त्यानंतर तेलाचा पातळ हात. निपल आणि घोड्याखालची जागा जुन्या टूथब्रशने घासा, तिथलाच गंज आधी धरतो. दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी फिरवून बघा, तांबूस आली तर परत सगळं करा, कंटाळा नको. जून ते सप्टेंबर बंदूक कापडी किंवा चामडी म्यानात ठेवू नका, म्यान ओल धरतं, कुलपाच्या कपाटात मोकळी ठेवा, तोंड खाली करून, म्हणजे तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही. आणि पुढचा बार भरायच्या आधी ते तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून, एक-दोन कॅप्स रिकाम्या नळीवर मारून घ्या, नाहीतर तेलाने दारू ओली होऊन ऐनवेळी बार फुसका जाईल आणि डुक्कर मका खाऊन निवांत निघून जाईल.